सहा सुरेशांची मालकीण

बिरवाडीतली ती खोली आम्हाला मिळाली, कारण माझ्या नवऱ्याचं नाव सुरेश आहे. दुसरं काहीही कारण नव्हतं.

त्याआधी आम्ही महाडात तळमजल्यावर राहायचो. पूर ओसरल्यावर घरातला चिखल चार दिवसांत काढला, पण फ्रीज गेला, कपाट फुगलं, आणि दर पावसाळ्यात नदीचा अंदाज घेत झोपायची माझी तयारी नव्हती. मी महाडातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. बिरवाडी दोघांनाही सोयीची. तिथे चढावर, पाणी पोचणार नाही अशा जागी सहा खोल्यांची पत्र्याची चाळ दिसली. एका खोलीला कुलूप होतं. समोरच मालकिणीचं कौलारू घर. ती ओट्यावर बसून सुकट निवडत होती. साठीची, काटक, गळ्यात काळी पोत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"माणसं किती?" तिने वर न बघता विचारलं.

"दोघंच. मुलगा पुण्याला शिकतो."

"मालकाचं नाव काय?"

"सुरेश."

आता तिने वर बघितलं. "खरं?"

"खोटं कशाला सांगू?"

"आधार दाखव."

मी नवऱ्याचं आधार कार्ड दिलं. तिने ते हात लांब करून बघितलं आणि मला परत दिलं. "वाच." मी वाचलं. "परत वाच." परत वाचलं. मग तिने हात झटकले, सुपातली सुकट एकीकडे केली आणि म्हणाली, "उद्या सामान आणा. मोरीत केस टाकायचे नायत."

सामान आणलं त्या दिवशी टेम्पोतून पंखा उतरवताना मी ओरडले, "अरे सुरेश, हा जरा धर ना." चार दारांतून चार पुरुष बाहेर आले. चौघांनीही पंख्याला हात लावला. माझा नवरा टेम्पोमागे उभा राहून हसत होता.

त्या चाळीत सगळे सुरेश होते. एक एसटीत ड्रायव्हर, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, एक वेल्डर, एकाचं नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. सहाव्या खोलीत एका कारखान्याचा रात्रपाळीचा वॉचमन, म्हातारा. आणि आता आमचा लॅबवाला. कोणाचं आडनाव कोणाला धड माहीत नव्हतं, लागतही नव्हतं. आमच्या शेजारची खोली मध्यंतरी रिकामी झाली, तेव्हा एक इंजिनियर आला होता. एकटा, सभ्य, अंडंही न खाणारा. मालकिणीने त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं. नाव सुरेंद्र होतं.

मी म्हटलं, "मावशी, एवढा चांगला भाडेकरू होता."

"अर्धा सुरेश मला नको," ती म्हणाली.

मी पंचवीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत. माणसं मरताना बघितली आहेत आणि मेली म्हणून जाहीर केलेली उठून पाणी मागतानाही बघितली आहेत. मला सहसा धक्का बसत नाही. त्या बाईने मात्र चार वर्षांत माझी ही घमेंड उतरवली.

सकाळी सहाला नळ यायचा. ती हातात पीव्हीसी पाइपचा एक तुकडा घेऊन निघायची आणि दारोदार ठोकत नावं पुकारायची. "सुरेश ड्रायव्हर, पाणी! सुरेश मास्तर, ऊठ, पोरं शाळेत पोचली तुझी! सुरेश वेल्डर, काल मोरीत गुटखा कोण थुकला? तूच रे तू, दुसरा कोण हाय इथं तसला!" आवाज असा की खाली रस्त्यावरचे लोक मान वर करायचे. वॉचमनच्या दारावर ती नुसता पाइप आपटायची. तो रात्रपाळी करून आठला यायचा, त्यामुळे सहा वाजता रिकाम्या खोलीवर पाइप आपटण्यात काय अर्थ आहे, हे मला कळायचं नाही. पण मालकिणीला अर्थ विचारायची पद्धत नव्हती.

पहिल्या महिन्यात शेजारची एक म्हातारी माझ्याजवळ बसली आणि कानात म्हणाली, "सिस्टर, तुला ठाव हाय ना, तिच्या मालकाचं नाव पण सुरेशच हाय. पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं. आन् ही बया रोज सकाळी त्याचं नाव घेऊन शिव्या देते."

आमच्या पिढीत हे संपलं, मी नवऱ्याला नावानेच हाक मारते. पण तिच्या पिढीतल्या, तिकडे पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधल्या बाईने नवऱ्याचं नाव तोंडातून काढणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माझ्या आजीने मतदान केंद्रावर नवऱ्याचं नाव सांगायचं टाळलं होतं आणि तिथल्या बाबूकडून शेवटी यादीतून शोधून घेतलं होतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असा समज.

मी सरळ तिलाच विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

ती भांडी घासत होती. "म्हणत्यात खरं, नाव घेतलं की आयुष्य घटतं. मी दिवसाला वीसदा घेते. अजून तरी काय झालेलं नाय."

ती खदखदा हसली. "तोंड मिट, सिस्टर. माशी जाईल."

नवरा मुंबईला आहे, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे एवढं पुरतं. डोंगरातल्या प्रत्येक घरातला एकतरी माणूस मुंबईला असतो. काही गणपतीला येतात, काही येत नाहीत. जे येत नाहीत त्यांच्याविषयी दोन-तीन वर्षांनंतर कोणी विचारत नाही. मग बायकोचं कुंकू तसंच राहतं आणि गावाचं तोंड बंद राहतं. तिची मुलगी दोन वर्षांची असताना तो गेला होता. तिने माहेरच्या भावाकडून बिरवाडीत जागा घेतली, कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या, एकेक खोली बांधली. इथे त्याला कधी कोणी बघितलंच नव्हतं.

मी मनाशी ठरवून टाकलं की ही बाई नावावर सूड उगवते. नवरा हाताशी नाही, तर त्याचं नाव असलेले सहा पुरुष आणून ठेवायचे आणि रोज सकाळी त्यांना झोडायचं. माझ्या नवऱ्याला हे पटलं. तो म्हणाला, "म्हणजे मी दुसऱ्याच्या वाटच्या शिव्या खातोय." तरी त्याला ती आवडायची. तिच्या हातची कोलंबीची आमटी कोणालाही आवडली असती.

नावाचे घोळ व्हायचेच. कुरियरवाला खालूनच ओरडायचा, "सुरेश!" आणि सहा पार्सलं पायरीवर ठेवून पळायचा. एकदा माझ्याच हातून चूक झाली. ड्रायव्हर आणि मास्तर दोघांनी रक्त तपासायला दिलं होतं, मी घाईत रिपोर्टची अदलाबदल केली. मास्तरांनी महिनाभर चहात साखर घेतली नाही, शिऱ्याकडे बघितलं नाही, आणि ज्याला खरी साखर होती तो ड्रायव्हर भर दुपारी पोलादपूरच्या स्टँडवर उसाचा रस पीत होता. चूक कळल्यावर मी दोघांची माफी मागितली. मालकीण म्हणाली, "ड्रायव्हर, उद्यापासून तू बंद कर. मास्तर, तू पण चालू करू नको. पोट बघ किती आत गेलंय."

गणपतीत मात्र ती वेगळी असायची. दीड दिवसाचा गणपती. त्या दिवशी सहाही सुरेशांना ती आपल्या ओटीवर एका ओळीत जेवायला बसवायची. पोलादपूरहून तिची मुलगी यायची, दोन मुलांना घेऊन. तीच वाढायची. मुलगी आईवर गेलेली, बोलायला फटकळ. सगळ्या भाडेकरूंची ती थट्टा करायची, पण वॉचमनचं तिला विशेष होतं. तो म्हातारा कोणाशी बोलायचा नाही, पंक्तीत शेवटच्या पाटावर बसायचा, मान खाली घालून जेवायचा. कारखान्याच्या कुंपणामागे त्याने वेल लावले होते. त्यातला एक चिबूड, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, तो दर गणपतीला तिच्यासाठी पिकवून ठेवायचा. "वॉचमनकाका, यंदा लहान आलाय हो," ती म्हणायची. तो म्हणायचा, "पाऊस जास्त झाला, बाय." चार वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य.

गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, एका सकाळी आठ वाजता तो पायरीवर आडवा सापडला. ओकत होता, पोट फळीसारखं कडक. त्याला जुना हर्निया होता, पट्टा बांधून तो कामावर जायचा, मी दोनदा रागावले होते. आता आतडं अडकलं होतं. ड्रायव्हर आणि वेल्डरने त्याला रिक्षात घातलं. मी ड्युटीलाच निघाले होते, मालकीणही आमच्याबरोबर बसली. घरमालकीण म्हणून आली असेल असं मला वाटलं. पाइपचा तुकडा तिच्या हातात तसाच होता.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, ताबडतोब ऑपरेशन. मुंबईला न्यायला वेळ नाही. रोगी अर्धवट शुद्धीत होता, सही करण्याजोगा नव्हता.

"नात्यातलं कोण आहे?"

वेल्डर म्हणाला, "मी करतो सही. माझं पण नाव सुरेशच."

"नाव नकोय, नातं हवंय. बायको, मुलगा, भाऊ, कोणी?"

कोणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षं तो त्या चाळीत होता, आणि त्याचं कोण आहे हे एकालाही सांगता येईना. मी मालकिणीला म्हटलं, "मावशी, तुमच्याकडे त्याचे कागद असतील. गावचा पत्ता?" तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती भिंतीला टेकून उभी होती.

तेवढ्यात तिची मुलगी आली. वेल्डरने परस्पर फोन केला होता. पोलादपूरहून ती मिळेल त्या जीपने आली होती, केस विस्कटलेले. "काका कुठायत? आई, अशी उभी काय राहिलीस? सही कर की. घरमालकीण म्हणून कर."

"घरमालकीण चालणार नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. "आणखी थांबलो तर आतडं काळं पडेल. मग मी काही करू शकणार नाही."

फॉर्म माझ्या हातात होता. मालकीण मुलीकडे बघत राहिली. मग ती माझ्याजवळ आली.

"लिही, सिस्टर. नवरा."

मी खुळ्यासारखं विचारलं, "कोणाचा?"

"माझा. अजून कोणाचा?"

तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि सही केली. बाळबोध अक्षरात, प्रत्येक अक्षर वेगळं. तेव्हा पहिल्यांदा माझं आडनावाकडे लक्ष गेलं. रोग्याच्या खिशातल्या कारखान्याच्या ओळखपत्रावरचं आणि तिचं एकच. मी रोज नावं लिहिणारी बाई, आणि चार वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. म्हाताऱ्याला आत नेलं. मी आत जायला हवं होतं, पण दुसऱ्या सिस्टरला पाठवलं.

मुलगी आईसमोर उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"किती वर्षं?"

"अकरा."

"माझ्या लग्नात होता?"

"होता."

"काय करत होता?"

"मांडवात खुर्च्या लावत होता."

"कन्यादान मामाने केलं. आणि हा खुर्च्या लावत होता." तिने पदर खोचला, पर्स उचलली. "अकरा गणपती मी याला वाढलं, आई. काका काका म्हणून." ती जिना उतरून गेली. आईने तिला थांबवलं नाही. ती बाकावर बसली आणि हातातला पाइप बाजूला ठेवला.

ऑपरेशन दोन तास चाललं. त्या दोन तासांत तिने मला सांगितलं, तेही मी विचारलं तेवढंच.

"एकोणीस वर्षांनी आला. पिशवी घेऊन. म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, सहा नंबरची खोली रिकामी हाय, डिपॉझिट आण. गेला आन् आणलं."

"इतकी वर्षं होता कुठे? दुसरी बाई होती?"

"असंल. मी विचारलं नाय. भाडेकरूला असलं कोण विचारतं?"

"आणि कोणाला कळलं कसं नाही?"

"तोंड एवढं बदललं होतं, माझ्या भावानं पण वळखलं नाय. वेल्डर आधीपासून होता, तो पण सुरेश. मग माझ्या ध्यानात आलं. एकच सुरेश ठेवला तर बायका म्हणतील, मालकाचं नाव आन् भाडेकरूचं नाव एकच कसं. सहा ठेवले. सहात कोण बघतंय? म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय. म्हणू देत."

मी चार वर्षं ज्याला सूड समजत होते, तो आडोसा होता. त्या आडोशात माझ्या नवऱ्यालाही तिने वापरलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मी अजून तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"त्याला काय अट घातली होती?"

"पोरीसमोर तोंड उघडलंस तर खोली खाली. एवढीच." ती थांबली. "पाळला त्यानं शब्द. पयल्यांदाच."

"आणि आज तुम्हीच मोडलात."

"मरू देऊ काय?" ती माझ्यावर खेकसली. "आता ती येणार नाय. बघ तू. एकुलती एक पोर, आता ती माझ्या दारात येणार नाय."

म्हातारा वाचला. आतड्याचा वीतभर तुकडा काढावा लागला. आठ दिवस तो वॉर्डात होता, मालकीण दोन वेळा डबा घेऊन यायची, खाली ठेवायची, मला सांगायची, "सिस्टर, दे त्याला," आणि जायची. मुलगी आली नाही. फोन उचलत नव्हती. मालकीण रोज संध्याकाळी मास्तरांच्या फोनवरून लावायची, रिंग पूर्ण वाजू द्यायची आणि फोन परत करायची. त्या आठ दिवसांत चाळीत पाण्याची हाक झाली नाही. वेल्डर दोनदा पाण्याविना राहिला.

बाकीच्या सुरेशांनी मात्र आपापसांत सगळं ठरवून टाकलं होतं. पुढाकार मास्तरांचा. आता काय लपायचं राहिलंय, दोघं एका घरात राहू देत. त्यांनी मालकिणीला न विचारता तिच्या ओटीवर खाट टाकली, ड्रायव्हरने कोरी चादर आणली. डिस्चार्जच्या दिवशी म्हाताऱ्याला रिक्षातून उतरवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. मी औषधांची पिशवी घेऊन मागे. वळणावर एक जीप थांबली होती. तिच्याजवळ मालकिणीची मुलगी उभी होती. कधी आली, कोणी बोलावलं, माहीत नाही. ती पुढे आली नाही.

खुर्ची ओट्याच्या पायरीपाशी पोचली. मालकीण दारात उभी राहिली.

"कुठं चाललाय?"

"आत, मावशी," मास्तर म्हणाले. "आता काकांना—"

"त्याची खोली तिकडं हाय."

"अहो, पण आता सगळ्यांना कळलंय. तुम्हीच सही केलीत, नवरा म्हणून."

"केली. नवरा हाय, म्हणून केली. घरात घ्यायचं त्या कागदावर नव्हतं."

चौघंही खुर्ची धरून तसेच उभे राहिले. खुर्चीतला म्हातारा बारीक आवाजात म्हणाला, "तिकडंच न्या रे." मालकीण दारातून हलली नाही. त्यांनी खुर्ची वळवली.

तेव्हा मुलगी चालत आली. आईपासून चार हातांवर थांबली.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू बाप मागितला असतास," मालकीण म्हणाली. "माझ्याकडं भाडेकरू होता."

मुलगी माझ्याकडे वळली, माझ्या हातातली औषधांची पिशवी घेतली, आतली पाकिटं एकेक बघितली.

"या जेवणाआधी द्यायच्या का नंतर?"

"नंतर," मी म्हटलं. "दोन वेळा."

ती पिशवी घेऊन खुर्चीमागून गेली.